तपेलीभर उष्णता

धुळ्याजवळच्या सोनगीरच्या तांबटांनी घडवलेली एक लिटरची तपेली डोळ्यांसमोर आणा. तीत तीस अंशांचं पाणी आहे. आता गावाबाहेरच्या आग्रा रोडवर एक छोटी मोटार ताशी 80 किलोमीटरने येते आहे. आत चार माणसं, डिकीत सामान, सगळं मिळून वजन 1200 किलो. समोर म्हैस आडवी आली, चालकाने ब्रेकवर पाय दिला आणि गाडी थांबली. त्या चार-पाच सेकंदांत ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार झाली, तेवढ्यात ही तपेली उकळते.

हिशेब शाळेतलाच आहे. निम्मं वस्तुमान घ्यायचं आणि त्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटरहून थोडं जास्त, म्हणून उत्तर येतं सुमारे 296 किलोज्यूल. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला 4.2 किलोज्यूल लागतात. सत्तर अंश चढवायला 294. वेगाचा वर्ग असल्यामुळे ताशी 100 वरून थांबताना दीड तपेलीहून जास्त पाणी उकळेल, आणि 60 वरून थांबताना जेमतेम अर्ध्या तपेलीहून थोडं अधिक.

गाडीची सगळी गती ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती उष्णता क्षणभर तरी कुठेतरी साठवावी लागते. पुढच्या दोन चाकांच्या आत ज्या दोन चकत्या, म्हणजे डिस्क, फिरतात, त्या या साठवणुकीची भांडी आहेत. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याच्या कामातला साधारण सत्तर टक्के वाटा पुढच्या चाकांकडे येतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो तो याच वाटणीमुळे. नवी डिस्क आणि तिला आवळणारे नवे पॅड घ्यायची वेळ आली की दुकानात ब्रँड, किंमत, 'ओरिजिनल की लोकल' एवढीच चर्चा होते. मला वाटतं, पहिला प्रश्न भांड्याचा असायला हवा: हे भांडं किती उष्णता पेलेल, आणि ती किती लवकर सोडून देईल?

या भांड्याचा धातू तुमच्या स्वयंपाकघरात आहे. डिस्क बिडाची असते. ज्या बिडाच्या तव्यावर धिरडी आणि घावन सुटतात, तेच बीड. तवा हळूहळू तापतो, एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो, कोरडा ठेवला नाही तर रात्रीतून गंजतो, आणि लाल तापलेला असताना गार पाणी ओतलं तर तडकतो. डिस्क हे सगळं तंतोतंत करते. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी काढली की पहिल्या दोन-चार ब्रेकांना खरखर येते. तो वरवरचा गंज असतो, पॅड तो पुसून काढतात, त्यासाठी डिस्क बदलायची गरज नाही. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकांवर लगेच पाण्याची नळी सोडणं मात्र टाळावं. बिडात कार्बन तीन टक्क्यांहून जास्त असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता पुढे वाहून नेतात आणि कंपनंही गिळतात. पोलादी घंटा नाद देते आणि बिडाचा तवा आपटला तर 'थप्' असा बोदा आवाज येतो, त्याचं कारण हेच. ब्रेक दाबल्यावर गाडी किंचाळत नाही, त्याचं अर्धं श्रेय या पापुद्र्यांना जातं.

सोनगीरला उभं राहून साहजिक प्रश्न पडतो: तांबं तर बिडापेक्षा साताठपट वेगाने उष्णता वाहून नेतं, मग चकती तांब्याची का नाही? याचं उत्तर कुठलाही तांबट देईल. ठोके मारून मारून तांबं कडक होत जातं. मग कारागीर ते भट्टीत तापवतो, पुन्हा मऊ करतो आणि पुन्हा मठारायला घेतो. तापलं की मऊ पडायचं, हा तांब्याचा स्वभावच आहे. घाटात तापलेली तांब्याची चकती नेमकी हवी तेव्हा मऊ पडली असती. शिवाय वजन आणि किंमत आहेच.

तरीही ब्रेकच्या इतिहासात तांबं अगदी पहिल्या पानावर आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने 1902 मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याच्या गाडीत धातूच्या चकतीवर दाबले जाणारे तुकडे तांब्याचे होते. तेव्हाच्या मातीच्या रस्त्यांवरची धूळ त्यांच्यात शिरायची, तुकडे झरझर झिजायचे आणि धातूवर धातू घासून कान फाटायची वेळ यायची. काही वर्षांनी हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने घर्षणाच्या तुकड्यांसाठी ॲस्बेस्टॉस वापरून हा आवाज मिटवला. त्याच्या कंपनीचं नाव फेरोडो. फ्रूड या नावातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून त्यात एक अक्षर जास्तीचं घातलं की हे नाव तयार होतं. हेच नाव पुढे मुंबईत आलं. घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना होता आणि तिथे ब्रेकचे लायनर बनत. कंपनीचं नाव पुढे हिंदुस्तान कंपोझिट्स झालं आणि तिचं काम पैठण आणि भंडाऱ्याच्या कारखान्यांत गेलं.

ॲस्बेस्टॉसने ब्रेक शांत केले आणि माणसांची फुप्फुसं खराब केली. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासातून आत गेले की बाहेर येत नाहीत. आजार वीस-तीस वर्षांनी समोर येतो. ब्रिटनने 1999 मध्ये आणि युरोपीय संघाने 2005 पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. भारतात त्याच्या वापरावर अजून सरसकट बंदी नाही. म्हणून पॅड घेताना खोक्यावर 'ॲस्बेस्टॉसमुक्त' असं छापलेलं आहे का ते पाहा, आणि ज्यावर काहीच छापलेलं नाही असा सुटा माल घेऊ नका. याहून महत्त्वाची गोष्ट गॅरेजमध्ये घडते. चाक काढलं की मिस्त्री सवयीने कॉम्प्रेसरची नळी घेतो आणि ब्रेकच्या भुकटीवर हवा मारतो. काळी धूळ सगळ्या शेडमध्ये उडते, आणि शेजारी दहावी झालेलं पोरगं पाने पुसत बसलेलं असतं. मिस्त्रींना हात जोडून सांगा की हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनरने धुवा. गाडी आपली आहे, तेवढं सांगायचा हक्क आपल्याला आहे.

ॲस्बेस्टॉस गेल्यावर पॅडमध्ये तांबं पुन्हा आलं, या वेळी बारीक तंतूंच्या आणि भुकटीच्या रूपात. डिस्कवरची उष्णता पसरवायला आणि गरम असतानाही पकड टिकवायला त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. पण पॅड झिजतो तेव्हा ती भुकटी रस्त्यावर पडते, पावसाने नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते. पाण्यातलं थोडंसं तांबंही माशांची, विशेषतः सॅमनची, वास घेण्याची शक्ती बोथट करतं, आणि हा मासा वासावरच आपली नदी ओळखतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी 2010 मध्ये कायदे केले: पॅडमधलं तांबं 2021 पर्यंत पाच टक्क्यांखाली आणि 2025 पर्यंत अर्ध्या टक्क्याखाली आणायचं. गाड्यांचा बाजार जगभर एकच असल्यामुळे मोठ्या कंपन्यांनी आपली मिश्रणंच बदलली, आणि आज धुळ्याच्या दुकानात मिळणाऱ्या कितीतरी पॅडच्या खोक्यांवर तांबं नसल्याची खूण छापलेली असते.

आता घाटाकडे वळतो, कारण खानदेशातल्या माणसाला ब्रेकची निवड घाट लक्षात घेऊनच करायची आहे. आपला मुलूख सपाट आहे, पण त्यातून बाहेर पडायचे बरेचसे रस्ते घाटातून जातात. उत्तरेला सेंधव्याच्या वाटेवर बिजासन घाट, सुरतेच्या वाटेवर कोंडाईबारी, चाळीसगावहून वर चढलं की कन्नडचा घाट, नाशिककडे जाताना चांदवडजवळ राहूड. पुन्हा तीच 1200 किलोंची गाडी घ्या. उभा उतार फक्त 200 मीटर धरला, तरी ती खाली आणताना साडेतेवीसशे किलोज्यूल, म्हणजे सुमारे आठ तपेल्या, उष्णता निघते. सपाटीवर एका ब्रेकनंतर पुढच्या ब्रेकपर्यंत डिस्कला वारा लागतो. घाटात ती उसंत नसते. पुढच्या दोन्ही डिस्क मिळून दहा किलो बीड धरलं, तर सपाटीवरच्या एका थांब्याने ते 45 अंशांनी तापतं. उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला आणि वाऱ्याने काहीच नेलं नाही असं धरलं, तर साडेतीनशे अंशांनी. प्रत्यक्षात वारा बरंच काही नेतो, पण डिस्क जितकी झिजलेली, तितकं भांडं लहान आणि तितके अंश जास्त.

मेच्या उन्हात ब्रेक लवकर जातात असं आपल्याकडे म्हणतात. पारा 44 वर गेला, तरी हिवाळ्यापेक्षा हवेचा फरक वीस-पंचवीस अंशांचाच. चारशे अंशांच्या चकतीला तो फारसा जाणवत नाही. उन्हाळ्यात खरं नुकसान करते ती धूळ. ती पॅड आणि डिस्कच्या मध्ये सँडपेपरसारखी काम करते. पावसाळ्यात तेच काम काळ्या मातीचा चिखल करतो, आणि वर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या खाचांत सुकून बसतो.

घाटात ब्रेक दोन प्रकारे दगा देतात. पॅडमधली भुकटी ज्या राळेने बांधलेली असते ती एका मर्यादेपलीकडे तापली की जळायला लागते. तिचा वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये पातळ थर धरतो, आणि पायाखाली पायडल कडक असूनही गाडी थांबत नाही. दुसरा प्रकार याच्या उलट: ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायडल मऊ होऊन खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 3 प्रकारचं ताजं ऑइल 205 अंशांच्या खाली उकळू नये असं मानक आहे. ओलावा शोषल्यावर हाच आकडा 140 वर येतो. डॉट 4 साठी 230 आणि 155. म्हणून नव्या डिस्कवर खर्च करणाऱ्याने दोन वर्षांहून जुनं ऑइल तसंच ठेवू नये. आणि उतारावर गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवावी. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे अजूनही भेटतात. ते सगळा भार त्या दोन चकत्यांवर टाकतात.

4 जुलै 2023 ला याच आग्रा रोडवर, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला, मध्य प्रदेशाकडून येणारा एक कंटेनर वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाले, असं तेव्हा सांगण्यात आलं. अवजड गाड्यांचे हवेच्या दाबावरचे ब्रेक मोटारीपेक्षा वेगळे असतात, पण उष्णतेचा हिशेब त्यांनाही चुकत नाही. पळासनेरवरून गेलो की माझा पाय अजूनही आपोआप पायडल तपासून पाहतो.

तर डिस्क बदलायची की नाही, हे कसं ठरवायचं? डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंचवट्यावर इंग्रजीत 'मिन टीएच' असं कोरलेलं असतं आणि पुढे मिलिमीटरचा आकडा. ती कमीत कमी जाडी. समजा नवी डिस्क 22 मिलिमीटरची आणि किमान आकडा 20 आहे. फरक दोनच मिलिमीटरचा, म्हणून पुष्कळ जण हसून सोडून देतात. पण हवेशीर डिस्क ही दोन पातळ चकत्यांची जोडी असते आणि मध्ये वारा खेळायला पोकळी. एकेक चकती साडेसहा मिलिमीटरची असेल, तर दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर गेल्यावर तिचा सुमारे पंधरा टक्के भाग संपलेला असतो. मायक्रोमीटरने चारी बाजूंना मापून घ्या. साध्या व्हर्नियरचे जबडे कडेला न झिजलेल्या काठावर टेकतात आणि खोटं माप देतात.

जाडी शिल्लक असेल आणि रेघा पडल्या असतील, तर लेथवर कट मारून घेता येतो. त्यात अडचण मापाची असते. डिस्क लेथच्या चकमध्ये थोडी तिरकी बसली, तर कट तिरका येतो आणि गाडीवर चढल्यावर ती डोलते. बऱ्याच गाड्यांना हे डोलणं 0.05 ते 0.1 मिलिमीटरपर्यंतच चालतं, म्हणजे कागदाच्या जाडीएवढं. चांगला लेथवाला आणि डायल गेज नसेल, तर मी नवी डिस्क घेईन.

ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरलं की 'डिस्क वाकली' असं सर्रास म्हणतात. माझी गाडीही एकदा अशी थरथरायला लागली होती. 'काय व्हयनं, दादा?' असं विचारून मिस्त्रींनी चाक काढलं. डिस्क वाकलेली नव्हती. आधी एका पंक्चरवाल्याने पान्यावर उभं राहून एका बाजूचे नट आवळले होते आणि दुसऱ्या बाजूचे हाताने. डिस्क हबवर किंचित तिरकी बसली. काही हजार किलोमीटरमध्ये पॅडने तिचा एक भाग जास्त खाल्ला, आणि जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही. नवी डिस्क बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायला लावा, आणि नट समोरासमोरचे, एकाआड एक, टॉर्क पान्याने आवळायला लावा. या दोन गोष्टींत दहा मिनिटं जातात. हे झालं नाही, तर सर्वांत महागडी डिस्कही थरथरेल.

बाजारात भोकं पाडलेल्या आणि खाचा काढलेल्या डिस्क मिळतात. शर्यतीच्या गाड्यांवर त्या शोभतात. आपल्या धुळीत भोकं बुजतात आणि भोकांच्या कडांपासून तडे जायला सुरुवात होते. रोजच्या गाडीला साधी, पूर्ण जाडीची, कंपनीच्या मापाची हवेशीर डिस्क पुरते. कोटिंग असलेली मिळाली तर घ्यावी, तेवढा मधला भाग गंजत नाही.

पॅडची निवड थोडी नाजूक आहे. धातू नसलेले सेंद्रिय पॅड शांत असतात, डिस्कला जपतात, पण उष्णतेत लवकर दमतात. अर्धधातूचे पॅड, म्हणजे ज्यांत पोलादाचे तंतू असतात ते, घाटात टिकतात. पण आवाज करतात, डिस्क जास्त खातात आणि थंड असताना पहिली पकड थोडी उशिरा देतात. सिरॅमिक पॅड शांत असतात आणि चाकांवर काळी भुकटी कमी टाकतात, म्हणून ते महाग विकले जातात. पण ते सगळ्यांत जोरात थांबवतात ही समजूत चुकीची आहे. गावात आणि धुळ्याला ये-जा करणाऱ्या गाडीला कंपनीने मूळ दिलेल्या प्रकाराचेच पॅड योग्य. आठवड्यातून तीनदा प्रवासी भरून सेंधव्याला जाणाऱ्या टॅक्सीला अर्धधातूचे.

पॅडच्या मागच्या पत्र्यावर किंवा कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात: ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं गरम झाल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. सोप्या भाषेत, एफच्या पॅडवर शंभर किलोंचा दाब दिला तर 35 ते 45 किलोंची अडवणूक मिळते. दुसरं अक्षर पहिल्याहून खालचं असेल, तर तो पॅड तापला की ढिला पडतो. घाटवाल्यांनी तो सोडून द्यावा. ही चाचणी एक इंच लांबी-रुंदीच्या तुकड्यावर होते, म्हणून पॅड किती दिवस टिकेल हे त्यातून कळत नाही. दुसरी खूण वर्तुळातल्या ई अक्षराची आणि शेजारच्या '90आर' या आकड्याची. युरोपातल्या या नियमानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या 15 टक्के मागेपुढे असावी लागते. दोन्ही खुणा खोक्यावर आहेत पण पॅडवर नाहीत, असं दिसलं तर तो माल परत करा. गाडीचा चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत कॅलिपर बदललेला असू शकतो. आणि पक्कं बिल मागा; डुप्लिकेट मालाचं पक्कं बिल सहसा मिळत नाही.

पॅड एकाच चाकाचे कधी बदलू नयेत, दोन्ही बाजूंचे एकदम. घर्षणाचा थर तीन मिलिमीटर उरला की वेळ झाली. पुष्कळ पॅडवर एक पोलादी पट्टी असते. ती तेवढ्या जाडीला डिस्कला लागून 'चीं' करते. तो आवाज दाबायला डिस्कवर ऑइल लावणारे लोक पाहिले आहेत. असं कधीही करू नका. कॅलिपरच्या सरकत्या पिना बाहेर काढून पुसायला लावा आणि सिलिकॉनचं ग्रीस लावा. साधं ग्रीस रबराचे बूट फुगवतं. पिन अडकली असेल, तर आतला पॅड संपतो आणि बाहेरचा नवा राहतो.

सगळं बसल्यावर, गाडी जॅकवरून खाली आल्यानंतर, जागेवरच पायडल सात-आठ वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेले असतात. पहिले दोन-तीन दाब पोकळच जातात. गॅरेजच्या दारातून गाडी बाहेर काढताना पहिलाच दाब पोकळ गेला, तर समोरच्या भिंतीवर धडक बसते.

मग रिकामा रस्ता शोधा. सकाळी लवकर सोनगीरहून नरडाण्याच्या दिशेने निघालं, तर मिळतो. मागे कुणी नाही पाहून 60 वरून 15-20 पर्यंत मध्यम दाबाने आणा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा करा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा उमटतो आणि पॅडमधली कच्ची राळ जळून जाते. थोडा उग्र वास येतो, तो येऊ द्या. त्यानंतर पाच-दहा मिनिटं ब्रेक न वापरता गाडी चालत राहू द्या, वारा लागू द्या. गरम डिस्कवर पायडल दाबून उभं राहिलात, तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि पुढे तीच थरथर सुरू होते. टोलनाक्यावर रांग असेल, तर हँडब्रेक ओढा आणि पाय काढून घ्या.